वैशालीच्या वहीतली बरोबरची खूण

इंग्रजी वाक्यांचं पृथक्करण शिकवताना मी मुलींना घरात ऐकलेलं एखादं वाक्य इंग्रजीत लिहून आणायला सांगते. काल वैशालीने वडिलांचं आणलं: 'मुलाकडच्यांना चाललं, तर बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नानंतर कर.' मी मुख्य वाक्याखाली लाल रेघ ओढली, अटीखाली निळी, आणि बरोबरची खूण करून वही परत दिली.

"मॅडम, हे बरोबर आहे?"

"अगदी बरोबर. पुढची वही."

ती वही उघडीच धरून जागेवर गेली.

कालपासून ती खूण डोळ्यांपुढून हलत नाही. वाक्य सुटं करायला घेतलं की ते कोण कोणाला म्हणालं, हे मी लक्षातच घेत नाही. आज तासाआधीच वर्गात येऊन बसले आहे. दार वाजलं की मान वर जाते. वैशाली अजून आलेली नाही.