ओट्यावरची हजेरी

गुरुजी गेल्याची बातमी मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. पुण्यात कॉलेजच्या मेसमध्ये दुपारचं ताट घेऊन बसले होते. आधी जोडलेल्या हातांची रांगच्या रांग दिसली, मग वर वर गेल्यावर गुरुजींचा निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला फोटो. अशा वेळी माणूस घरी फोन लावतो. मी त्यांचं आणि माझं चॅट उघडलं. ते इतकं खाली गेलं होतं की नाव टाकून शोधावं लागलं. दोन वर्षांत तिथे एक शब्दही नव्हता. त्याआधीचे त्यांचे आवाजातले निरोप मात्र एकाखाली एक तसेच होते आणि त्यांतल्या सोळा निरोपांवर न ऐकल्याची खूण होती. ते ऐकायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. गुरुजींबद्दल गावात सगळे चांगलंच बोलले, आणि ते खरंच आहे. मला जे सांगायचंय ते त्यात कुठे आलं नाही, कारण ते गुरुजींना आणि मलाच माहीत होतं… आता फक्त मला माहीत आहे.

इंगळे गुरुजी आमच्या शेजारचे. दुसरबीडहून मेहकरकडे जाताना रस्ता सोडून आत आमचं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते पस्तीस वर्षं होते. मला पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलं. माझी आई शाळेत गेलीच नाही आणि बाबा चौथीतून बाहेर पडले, त्यामुळे पुढचे सगळे फॉर्म, सगळे दाखले, सगळे हेलपाटे गुरुजींनी माझ्याबरोबर केले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यावरून त्यांच्या घरात रोज गंमत चालायची. काकू म्हणायच्या, "साऱ्या गावाले शिकवलं अन् मलेच तेवढं नाही." त्यावर गुरुजींचं ठरलेलं उत्तर होतं, "पाटी हातात देली की हे भांडे घासाले उठते. अन् नापास तरी कसं करू? दोन टायमाचं जेवण इच्याच हातात हाय!"

निवृत्त झाल्यावर त्यांना घरात बसवेना. एक संस्था निवृत्त शिक्षकांना वर्षभरासाठी बाहेरच्या देशांतल्या शाळांमध्ये स्वयंसेवक म्हणून पाठवते, अशी जाहिरात त्यांनी पेपरात पाहिली. मी तेव्हा बारावीत होते. त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांचा अर्ज इंग्रजीत भरला. का जायचंय, या प्रश्नावर ते म्हणाले, "लिही, सकाळचे दहा वाजले की मले घरी करमत नाही." मी त्याऐवजी सेवा, समर्पण असलं काहीतरी मोठं लिहिलं. इंग्रजी कितपत येतं, या चौकटीपाशी ते अडले. "चांगलं म्हणू का बरं म्हणू?" मी म्हणाले, चांगलं म्हणा. संपर्कासाठी नाव म्हणून त्यांनी माझंच नाव आणि नंबर घालायला सांगितला. निवड झाली, देश मिळाला आफ्रिकेतला मलावी. गावात मजाच उडाली. पानटपरीवर कोणीतरी विचारलं, "गुरुजी, तिकडचे पोट्टे तं रडतेतबी इंग्रजीत. तुमचं कसं होईन?" गुरुजी म्हणाले, "रडतीन तं नाक पुसता येते मले." काकू तेवढ्या हसल्या नाहीत. एवढ्या घरात एकटीने राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

गुरुजी तिकडे गेले त्याच महिन्यात मी पुण्याला आले. त्यांचे निरोप रोज येत. प्रत्येक निरोप "हॅलो, हॅलो… चालू झालं का हे?" असा सुरू व्हायचा. मक्याच्या पिठाचं घट्ट काहीतरी दोन्ही वेळा मिळतं, आपल्या कण्यांची आठवण येते. वर्गात सत्तरच्या वर लेकरं, खाली जमिनीवर बसतात. मग हळूहळू वेगळं येऊ लागलं. "म्या 'ओपन द बुक' म्हणलं की पोट्टे हासतेत. काऊन हासतेत ते मले समजून नाही राह्यलं." एकदा म्हणाले, "आज कोणीच ऐकेना. म्या खिडकीजवळ जाऊन उभा राह्यलो. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं, बाई." ते मला धड्यापुरती इंग्रजी वाक्यं मागायचे. "अपूर्णांक हाय उद्या. चार सोपे वाक्य पाठवजो." मी पहिला महिनाभर पाठवली. मग परीक्षा, मग मैत्रिणी… निरोप लांब असत आणि त्यात कंटाळवाणा असा एक उदास सूर असे. मी ते ऐकणं सोडून दिलं. रात्री ऐकू, उद्या ऐकू, असं म्हणत नुसता अंगठा पाठवून द्यायचे.

माझंही पुण्यात धड चाललं नव्हतं, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी मेसमध्ये "मले भाजी नको" म्हणाले आणि पुढचे कित्येक दिवस माझं नावच "मले" पडलं. कोणी वाईट नव्हतं. पण मी तोंड उघडलं की शेजारचीला हसू यायचं. म्हणून मी आधी गप्प राहायला शिकले आणि मग त्यांच्यासारखं बोलायला.

अशात एका दुपारी गुरुजींचा व्हिडिओ आला. पत्र्याचा वर्ग, गच्च बसलेली मुलं आणि मध्ये पांढरा सदरा घातलेले गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरतायत. आणि ती सगळी मुलं आमच्या शाळेच्या चालीत, अंग डोलवत म्हणतायत, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा…" पाढा संपल्यावर सगळी उठून उड्या मारायला लागली तेव्हा गुरुजी दोन्ही हात वर करून ओरडले, "सिट डाऊन रे पोट्टेहो!" मी खोलीत एकटी नव्हते. मला हसू आलं आणि चौघी जमल्या. "कोण गं हे?" एकीने विचारलं. मी म्हणाले, "आमच्या गावचे मास्तर." आयुष्यात त्यांना मी पहिल्यांदा मास्तर म्हटलं. मग मीच तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "आमचं फॉरेन रिटर्न वऱ्हाड." त्या संध्याकाळी मेसमध्ये सगळ्या "सिट डाऊन रे पोट्टेहो" म्हणत होत्या आणि मी त्यांच्यात होते. पुण्यात आल्यापासून तो माझा पहिला चांगला दिवस होता. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच होतं.

कुणीतरी तो इन्स्टाग्रामवर टाकला. कोणी टाकला ते मी विचारलं नाही, कारण सुरुवात माझी होती. काही दिवसांत तो गावातल्या फोनवरही आला. आणि मग मला संस्थेच्या एका बाईंचा फोन आला. त्या सभ्यपणे बोलत होत्या. तिथल्या मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ बाहेर द्यायचे नाहीत, असा त्यांचा कडक नियम आहे. प्रत्येक शिक्षकाची त्यावर सही असते. इंगळे सर म्हणतात की चूक त्यांचीच आहे, त्यांनीच तो पसरवला. "पण सरांना अशा गोष्टी जमत असतील असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाकडून बाहेर गेला असेल तर त्यांना परत न पाठवण्याचा आम्हाला विचार करता येईल. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी म्हणाले, "नाही, मला माहीत नाही."

एवढंच बोलले मी. फोन ठेवून तासाला गेले. माझं कॉलेज, माझी शिष्यवृत्ती, घरचे काय म्हणतील, असं काय काय डोक्यात आलं असेल, पण खरं सांगायचं तर तेव्हा मी काही विचारच केला नाही. तोंडातून आपोआप निघालं. पाचव्या महिन्यात गुरुजी परत आले.

गावाने त्यांना सोडलं नाही. एस.टी.च्या थांब्यावर कोणी ना कोणी म्हणायचंच, "काय गुरुजी, सिट डाऊन का?" गुरुजी हसून बसायचे. का परत आलात, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "तब्येत साथ देईना." काकूंना मात्र ते वेगळंच म्हणाले. दारात पाय ठेवताना म्हणाले, "तूच फोनवर रडत होती ना? आलो." ते हसत हसत म्हणाले होते. काकूंनी ते मनात ठेवलं.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा भीतभीतच त्यांच्या ओट्यापाशी गेले. गुरुजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "या. बसा. परीक्षा कशी झाली तुमची?" ज्या माणसाने मला जन्मापासून "काऊन वं बाई" म्हणूनच हाक मारली, तो माझ्याशी तहसीलमधल्या साहेबाशी बोलावं तसं शुद्ध बोलत होता. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी तो व्हिडिओ फक्त मला पाठवला होता, तेव्हा त्यांना कळलं नसेल असं मी स्वतःला कितीही समजावलं तरी पटत नव्हतं. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी तसेच बोलले. एकदा मेहकरला जाताना एस.टी.त त्यांच्या शेजारची जागा मिळाली. वाक्य माझ्या मनात तयार होतं, "गुरुजी, तो मी पाठवला." प्रत्येक थांब्यावर वाटायचं, गाडी निघाली की बोलू. मेहकर आलं. ते उतरताना म्हणाले, "सांभाळून जा." त्यांची पिशवी घ्यायला मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको, राहू द्या." ती आमची शेवटची भेट.

ते गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ओट्यावर बसल्या जागीच गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. परतीच्या प्रवासात मी एकेक करून ते सोळा निरोप ऐकले. आणि मला कळलं की मी फक्त त्यांचे पडते दिवस ऐकले होते. जिथे मी ऐकणं सोडलं तिथून पुढे सगळं पालटलं होतं. "आज म्या इंग्रजी बंद केली अन् डस्टर वाजवलं. पोट्टे असे गाऊन राह्यले, तू पायतच राहशीन!" मुलांनी त्यांना तिकडचे आकडे शिकवले होते; ते चुकले की वर्ग हसायचा, आणि "आता हासतेत ते मले समजते" असं ते खुशीत सांगत होते. हेडमास्तर म्हणाले होते की गणिताच्या तासाला मुलं आता धावत येतात. व्हिडिओच्या लगेच खालचा निरोप लहान होता. "हॅलो, हॅलो… बाई, हे कोणाले पाठवू नोको बरं. लेकराइचं कोणाले दाखवाचं नाही, म्या सही केली हाय. काकूलेबी नाही दाखवलं. पण तुले पाहू वाटलं… तूच पहिल्यांदा असा पाढा म्हणला होता माह्या वर्गात, बाकावर उभी राहून." हा निरोप मी तेव्हा ऐकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. ऐकूनही मी पाठवला असता का… नाही वाटत. पण माझ्यावर माझा तेवढा विश्वास आता नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा गावी गेले. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. मला पाहून आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. लांब, निळ्या पुठ्ठ्याची, हाताने रेघा आखलेली. मलावीतल्या त्यांच्या वर्गाची बहात्तर नावं देवनागरीत, गुरुजींच्या वळणदार अक्षरात. काकू म्हणाल्या, "आल्यापासून रोज दहाले हजेरी घेत. ते एकेक नाव घेत अन् म्या इथून 'हजर' म्हणाचं. कोणाचं राह्यलं की रागवत. मले म्हणे, तू तरी लक्ष दे." त्या हसल्या. "तिकडं कोण घेते त्या लेकराइची हजेरी, कोणाले ठाऊक. वाच बरं, तुह्या तोंडून ऐकू दे."

मी वाचायला लागले. ती नावं मी इथे लिहीत नाही. काकू सुपातून नजर वर न करता प्रत्येक नावाला "हजर" म्हणत गेल्या. मी उगाच पुढची पानं चाळली, कुठे माझं नाव आहे का ते पाहिलं. नव्हतं. वही मिटली तेव्हा काकू म्हणाल्या, "वरीस पुरं करू देलं असतं त्याहीले. म्याच रडू रडू बलावलं. लय जीव लागला होता त्याहीचा तिकडं… माह्यामुळंच तुटलं." मी म्हणाले, "नाही काकू." त्यांनी विचारलं, "मंग?" आणि मी चहा ठेवते म्हणून आत गेले.

म्हणून हे लिहिलं. काकूंना वाचता येत नाही. हा लेख पेपरच्या रविवारच्या पुरवणीत छापून आला तर तो त्यांना मलाच वाचून दाखवावा लागणार आहे, त्या फोनवर मी जे म्हणाले त्या ओळीसकट. गावात दुसरं कोणी सांगायच्या आत. ज्या रविवारी तो येईल त्या दिवशी मी गावी असेन. दहा वाजता ओट्यावर बसून आधी हजेरी घेईन, बहात्तरही नावं, एकही न गाळता. काकू सगळ्यांचं हजर म्हणतील. मग मी पेपर उघडीन.