घुसळणबाईंचा शेवटचा नमुना

चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत घुसळणबाई म्हणायची. तोंडावर नाही हं. तोंडावर "ताई" आणि पाठ वळली की घुसळणबाई, हा शेजारधर्म जगजाहीर आहे. खालच्या शिंपिणीने एकदा त्यांना जिन्यात गाठलं होतं.

"रोज एवढ्या लगबगीने जाता, तिथे करता तरी काय?"

"आईचं दूध घुसळते," बाई भोळेपणाने म्हणाल्या.

"अगंबाई! लोणी निघतं?"

"नाही. बुडबुडे."

झालं! संध्याकाळच्या आत बातमी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचली. बुडबुडे म्हणजे काय, हे विचारायची तसदी मात्र कोणी घेतली नाही, आणि बाईंना नेमकं तेच सांगायचं होतं. त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्यादेखील. शिंपीण तोवर हसत आत गेली होती.

भांडणात आपण छाती काढून म्हणतो, आईचं दूध प्यायला असशील तर ये समोर. पण त्या दुधात असतं काय? स्निग्धांश, साखर, पेशी, आणि नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत अशा पुटिका, म्हणजे पातळ पापुद्र्याच्या इवल्या पिशव्या. बाईंचे बुडबुडे ते हेच. आईच्या पेशींनी बाळाला बांधून दिलेल्या शिदोऱ्याच म्हणा. शिदोरीत कोणकोणती प्रथिनं आहेत आणि बाळ वाढतं तशी ती बदलतात का, हे बाईंची प्रयोगशाळा शोधत होती. त्यासाठी एकेका आईकडून पहिल्या चिकापासून पुढे काही महिने ठरावीक नमुने घ्यायचे.

काम मोठं किचकट. दूध ताजं असतानाच आधी नळीत भरून यंत्रात हळू गरगर फिरवायचं. मलई वर येते, पेशी तळाला बसतात. मधलं तेवढं अलगद उचलून गोठवायचं. मग सवडीने ते मोठ्या यंत्रात. त्याचा वेग असा भयंकर, की समोरासमोरच्या नळ्यांच्या वजनात थेंबाचाही फरक खपत नाही. पुटिका नळीच्या तळाशी जमतात, पण दिसत नाहीत. म्हणून त्या कुठे बसणार तिथे बाहेरून पेनाने आधीच खूण करून ठेवायची. त्यातही केसिन हे दुधातलं नेहमीचं प्रथिन आगंतुकासारखं सोबत येतं, त्याला वेगळं काढायचं. शेवटी प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन असेल तिथे काळी पट्टी उमटते का ते बघायचं.

सगळ्यात मोठा गुन्हा एकच: पेशी न काढता दूध तसंच गोठवणं. थंडीने पेशी फुटतात, त्यांच्या पोटातला कचरा पुटिकांत मिसळतो, आणि मग शिदोरी कुठली नि केर कुठला, ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बाई हे प्रत्येक आईला बजावायच्या. "फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. फोन करा, मी स्वतः येते."

आणि त्या स्वतः जायच्या. इतर घरी दारातूनच बाटली मिळे. बेकरीच्या वरच्या घरात मात्र वेगळंच होतं. तिथली आई पोस्टात कामाला, बाळंतपणाच्या रजेवर. पहिल्यांदा चीक घ्यायला गेल्या तेव्हाच ती म्हणाली, "मावशी, दारात काय उभ्या? आत या. आणि याला जरा धरा हो, मला दोन्ही हात लागतात."

बाईंनी आयुष्यात इतकं काही धरलं होतं, नळ्या, चिमटे, बर्फाचे डबे. पण हे वळवळणारं, गरम, लाळ गाळणारं प्रकरण नवीन होतं. आई पडद्याआड पंप घेऊन बसे आणि तिथूनच सासूच्या चहाड्या सांगे. बाळ बाईंचा चष्मा ओढे. घरी परतल्यावर बाई कुलूप उघडत, दिवा लावत, आणि दंडावरचा लाळेचा डाग लगेच धूत नसत. बाकी त्यांच्याकडे यायचं कोण? मीटर बघणारा आणि चुकीचा पत्ता विचारणारे.

शेवटचा नमुना घेतला त्या दिवशी आईने बाटली हातात देत म्हटलं, "चला, सुटलात मावशी आमच्या कटकटीतून."

"कटकट कसली," बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत आल्या. यंत्र मोकळं होतं. बाटली अजून कोमट होती. बाईंनी ती हातात धरली, आणि मग न फिरवता, जशी होती तशी, फ्रीजरच्या तळाशी सरकवली. नमुना बिघडला की पुन्हा घ्यावा लागणार. पुन्हा घ्यायचा म्हणजे पुन्हा जायचं. एवढा साधा हिशोब.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. "नमुना खराब झाला हो. आणखी एक लागेल."

"मावशी, आता कुठून देऊ? परवा रजा संपतेय. दूध आटतच आलं होतं. कालचं तेवढं तुमच्यासाठी तास तास बसून काढलं."

"हो का? बरं, बरं."

"या कधीतरी," ती म्हणाली.

आता "या कधीतरी" म्हणजे काय, हे कोणत्याही घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

बाईंनी ते गोठलेलं दूध वितळवून पुढचं सगळं काम नेहमीच्याच निगुतीने केलं. पडद्यावर पुटिकांच्या पट्ट्या आल्या. आणि जिथे कोरं राहायला हवं तिथेही एक काळीकुट्ट पट्टी आली: फुटलेल्या पेशींच्या पोटातल्या प्रथिनाची.

विभागप्रमुख वयाने लहान, पण नजर घारीची. "ही कुठून आली? हिच्या आधीच्या सगळ्या नमुन्यांत नाही. वीज गेली होती का?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही. मी न फिरवता गोठवलं."

"तुम्ही? घाईत?"

"मुद्दाम."

प्रमुखबाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. बाईंनी कारण सांगितल्यावर तर त्यांना कुठे बघावं कळेना. "शेवटचा नमुना नसला तर हिचे आधीचे नमुनेही तुलनेतून गेले," त्या अखेर म्हणाल्या. "तिला खरं सांगायला हवं. दूध तिचं होतं. मी फोन करू?"

"मीच जाते," बाई म्हणाल्या.

म्हणजे जायला मिळालं बघा!

दार आईनेच उघडलं. कमरेवर बाळ. बाईंनी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं, एका दमात, प्रयोगाची कृती सांगावी तसं. आईचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसले होते मी, मावशी. तेवढ्यासाठी? अहो, यायचं होतं तर नुसतं यायचं!"

"नुसतं कसं येणार?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "काय काम आहे म्हणून सांगायचं?"

बाळाने चष्म्याकडे हात लांबवला. आईने त्याला दुसऱ्या कमरेवर घेतलं. तिने दार लावलं नाही, आणि आत या असंही म्हटलं नाही.

खालून पावाचा वास येत होता. बाई पायपुसण्यावर उभ्या राहिल्या.