थप्पड खरीच हवी

पहिली थप्पड पडली तेव्हा वाटलं, चुकून पडली. गौरीचा अंदाज हुकला असेल. कान सुन्न झाला माझा. गाल धरून मी सरांकडे बघितलं. वाटलं, आता ओरडतील तिच्यावर. सर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोळे घालून उभे होते. म्हणाले, "अरे वाह! क्या नॅचरल आया है. बस, फोकस गया. एक बार और."

अकरावीत होते मी. इंदूरच्या एका मोठ्या प्रायव्हेट शाळेत, फी माफीवर. दहावीचे मार्क बघून घेतलं होतं त्यांनी. विषय घेतला मास मीडिया. आमच्या परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्या वस्तीत, हा विषय कोणाला ठाऊकच नव्हता. पप्पांना वाटायचं, पोरगी टीव्हीवर बातम्या सांगणार. मला कुठल्या बातम्या सांगायच्या होत्या? मला कॅमेरा चालवायचा होता.

सहा महिने त्याला हात लावायला मिळाला नाही. सगळ्यांची बारी आली. माझी आली की सर म्हणायचे, "तू थर्माकोल पकड." थर्माकोलचा पांढरा पत्रा उन्हात धरला की समोरच्याच्या तोंडावर उजेड पडतो. ते धरून उभी राहायचे मी, खांदे भरून येईस्तोवर. एकदा न विचारता कॅमेऱ्याचं झाकण काढलं, तर सर खेकसले, "हाथ मत लगा!" वर्गात बाकी कोणाला ते असं बोलले नाहीत कधी.

गौरी म्हणजे वर्गातली दुसरी मराठी पोरगी. तिचे पणजोबा दरबारात कोणीतरी मोठे होते म्हणे. माझे आजोबा मिलमध्ये. पहिल्याच दिवशी तिनं आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्यात असंच बोलतात का मराठी? आमच्यात नाही बोलत असं." तुमच्यात. आमच्यात. त्यानंतर ती माझ्याशी हिंदीतच बोलायची.

टर्मची शॉर्ट फिल्म होती ती. बंगल्यातली कामवाली, तिच्यावर घड्याळ चोरल्याचा आळ, मालकीण थप्पड मारते, मग घड्याळ सोफ्याखाली सापडतं. शेवटी पडद्यावर अक्षरं येणार, गरिबांवर दया करा. मालकीण गौरी. कामवाली कोण, हे सरांनी विचारलंसुद्धा नाही. माझ्याकडे बोट केलं. "तू. तेरे को तो मेकअप भी नहीं लगेगा." वर्ग हसला. मीही हसले. त्याचीच मेली सगळ्यात जास्त लाज वाटते मला.

आता एक गोष्ट नीट ऐका. थप्पड कशी शूट करतात, हे ह्याच सरांनी आम्हाला शिकवलं होतं. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवायचा. हात गालापासून वीतभर लांबून जातो. मार खाणारा मान झटकतो. आवाज मागाहून टाकायचा. चित्र काढून लिहिलं होतं मी वहीत. मागच्या प्रोजेक्टमध्ये दोन पोरांची मारामारी अशीच शूट केली होती. एक डॉक्टरचा पोरगा, एक बिल्डरचा. साधा ओरखडा नव्हता आला कोणाला.

दुसरी थप्पड पडल्यावर मी म्हणाले, "सर, वो जो आपने सिखाया था, वैसे करते हैं ना." सर हसले. "तेरे को उसकी क्या जरूरत? असली में जो बात है, वो अलग है."

तिसरीला गौरीची अंगठी ओठाला लागली. ओठ फाटला. मी बाही लावणार, तर सर ओरडले, "खून रहने दे, पोंछ मत!"

चौथीच्या आधी गौरी वाकली. कानाशी मराठीत बोलली. इतक्या महिन्यांनी मराठीत. "रडत का नाहीस गं? तुमच्याकडे तर सवयच असते माराची."

सणक गेली डोक्यात. तिचा हात उठला, तो मी वरच्यावर धरला आणि दुसऱ्या हातानं दिली ठेवून. पूर्ण ताकदीनं. मग अजून एक. मग तिचे केस माझ्या मुठीत होते. ती स्टँडवर आदळली, कॅमेरा खाली पडला. सरांनी माझी वेणी धरून फरफटत नेलं, मी त्यांच्या मनगटाला चावले. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. आजही वाटतं.

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गौरीचे बाबा खुर्चीवर. माझे पप्पा कारखान्यातून तसेच आलेले, ग्रीसचे हात पाठीमागे लपवून उभे. मॅडमनी कागद सरकवला. लिही, विनाकारण मारलं, माफी मागते. नाही लिहिलं तर शाळेतून नाव कमी करणार.

मी म्हणाले, "पहले मेरे को जो तीन पड़ी, वो लिखो."

"वो तो ॲक्टिंग थी," मॅडम म्हणाल्या.

"मेरी भी ॲक्टिंग थी. नॅचरल आयी ना?"

गौरीचे बाबा ताडकन उठले. पप्पा घाबरले. "लिहून दे ना बाई, साल जाईल तुझं," ते गयावया करत म्हणाले. मी पेन उचलला नाही. तेव्हा त्यांनी, त्या लोकांना दाखवायला, हात उचलला माझ्यावर. माझ्या पप्पांनी. ज्यांनी घरात कधी बोट लावलं नव्हतं.

तोही हात मी धरला. ग्रीस लागलं मला. म्हणाले, "पप्पा, तुम्हीपण नाही."

साल गेलं. आता सरकारी शाळेत आहे, तिथे हा विषयच नाही. पप्पा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. खूप जीव तुटतो. पण माफी मी तेव्हा लिहिली नाही, आणि कॉलेजच्या फॉर्मवर शाळा सोडण्याचं कारण विचारतील तिथे पूर्ण वाक्य लिहिणार आहे: मला मारलं, म्हणून मी मारलं.