बियाण्याची काकडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या वहिनीचे. ती लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दादा मुंबईला कॅन्टीनमध्ये, आईवडील थकलेले. पहिल्या दिवसापासून ती मला ‘भावजी’ म्हणाली आणि अहोजाहो करू लागली, स्वतःचं नाक पुसता न येणाऱ्या पोराला. पाचवीनंतर वाडीतली मुलं शाळा सोडायची. मी सोडली नाही, कारण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती रोज माझ्याबरोबर डोंगर उतरायची, मला शाळेच्या फाटकाशी सोडायची आणि मग बाजारात बसायची. माझ्या भाकरीचं फडकं ती जुन्या साडीच्या काठाची चिंधी फाडून बांधायची. वर्गात माझं फडकं लांबून ओळखू यायचं.

वाडीतला पहिला पदवीधर मी. आता महाडला एका शाळेत विज्ञान शिकवतो. घरामागं बारा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद जागा आहे. पलीकडं शेजाऱ्यांची तेवढीच. मध्ये भिंत, इतकी बुटकी की पुरात ती दिसलीच नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात मी पुण्याला पर्माकल्चरच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. जमीन उघडी ठेवायची नाही, खणायची नाही, उंच झाडाखाली मध्यम, मध्यमाखाली बुटकं, त्याखाली जमिनीवर पसरणारं असं रानासारखं लावायचं. मी वहीभर टिपणं काढली. घरी येऊन गोल वाफे केले, त्यांवर हातभर जाड पेंढा पसरला आणि पुण्याहून मागवलेलं बी पेरलं. लेट्यूस, चेरी टोमॅटो, झुकिनी.

जूनच्या सुरुवातीला वहिनी गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडं राहायला आली. पिशवीत राखेत घोळवलेल्या बियांच्या पुरचुंड्या होत्या. मागच्या वर्षी वरच्या शेतातलं वानरांनी सगळं ओरबाडलं होतं आणि या वर्षी गुडघ्यामुळं तिला पेरता येणार नव्हतं. होतं नव्हतं ते बी ती घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारात बसून माझे वाफे बघत होती.

“भावजी, गोगलगायींना गादी घातलीत काय?”

“ते आच्छादन आहे, वहिनी. ओल टिकते.”

“हितं ओल टिकवायची गरज हाय?” ती हसली. मग पुरचुंडी पुढं करून म्हणाली, “कडेनं चार आळी करून देऊ का? काकडी हाय, शिराळी हायेत.”

मी म्हणालो, “यात हात नको घालूस. हे सगळं शास्त्राप्रमाणं आखलंय.”

तिनं पुरचुंडी पदरात ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेजारीण तुडील गावाकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा कारखान्यात पाळीवर, ती दिवसभर एकटी. आठवड्याभरात मी शाळेतून आलो की वहिनी भिंतीपलीकडं दिसायला लागली. पाटावर बसून हातानं दाखवायची आणि ती पोर माती ओढून उंचवटे करायची.

“आगो, बी उभं नको खोचू, आडवं ठेव. निजव त्याला.”

“अंगाई म्हणू का मावशी?”

“म्हण की. आमच्या भावजींनी तर दुलई पांघरलीय.”

दोघी खदखदून हसल्या. मी वर्गातल्या वह्या तपासत होतो. एका मुलाचं बरोबर उत्तर मी चूक दिलं, ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

श्रावणापर्यंत माझा पेंढा काळा पडून कुजला. गोगलगायी त्याखाली खरोखरच सुखानं राहत होत्या. लेट्यूस त्यांनी दोन दिवसांत संपवलं. झुकिनीचे देठ पाण्यानं मऊ होऊन बसले. आणि भिंतीपलीकडं, बारा बाय आठ पावलांत, मांडवावर काकडी आणि शिराळी, मांडवाच्या सावलीत हळद, मोरीच्या पाण्यावर अळू, उंचवट्यांच्या उतारावर लाल माठ, कोपऱ्यांत झेंडू, भोपळा पत्र्यावर चढलेला. माझ्या वहीत काढलेली आकृती तिथं उगवली होती. वहिनीनं ती वही कधी उघडलीसुद्धा नव्हती.

शेजारीण वाटीभर माठ, चार शिराळी आणून द्यायची. “सर, तुमच्या वहिनींच्याच हातची हायेत.” मी ते ताटात बाजूला सारायचो. दुसऱ्याची बाग चांगली झाली याचं माणसाला वाईट वाटतं, एवढं मी समजू शकलो असतो. मला वाईट वाटत होतं ते याचं की वहिनी तिला ‘आगो’ म्हणत होती. मला ती सहाव्या वर्षापासून अहोजाहो करते. तो मान आहे हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगितलं. त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, मान लांबून देतात.

गणपतीला वहिनी गावी जायला निघाली. जायच्या आदल्या दिवशी ती भिंतीशी गेली. काकडीचा वेल भिंत ओलांडून आमच्या पेरूवर आला होता आणि एक मोठी काकडी आमच्या बाजूला लोंबत होती. वहिनीनं साडीच्या काठाची हिरवी चिंधी काढली आणि त्या काकडीच्या देठाला बांधली. आमच्याकडं बियाण्याचं फळ असंच राखतात. चिंधी बांधली की ते कुणी तोडायचं नाही, भुकेलं पोरसुद्धा नाही. वेल वाळेपर्यंत ते वेलावर राहतं.

“ही माझ्या आयेच्या बियाण्याची,” ती शेजारणीला म्हणाली. “दसऱ्यानंतर उतरव. निम्मं बी तुला, निम्मं मला. घरात आता एक दाणा नाय.”

मी तिथंच उभा होतो. माझा वाटा तिनं काढला नाही. का काढावा? मीच नको म्हणालो होतो. पण त्या गाठीवरून माझी नजर हटेना. ती गाठ माझ्या भाकरीच्या फडक्याची होती.

नवरात्राच्या आधी शेजारीण चार दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, “सर, तेवढी काकडी बघा हं. वानरं येतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो, विळा घेतला आणि ती काकडी कापली. चिडून नाही, अगदी शांतपणे, जसं काही घरचं काम करतोय.

बायको म्हणाली, “ही तिची ना?”

“आपल्या भिंतीच्या आत होती.”

तिनं काकडी किसायला घेतली. पिकलेल्या काकडीचे घारगे झाले, मी चार खाल्ले. बिया आणि गर खतखड्ड्यात गेले. चिंधी माझ्या खिशात राहिली.

शेजारीण आली, भिंतीपाशी गेली आणि खाली वाकून वाकून शोधत राहिली. मला म्हणाली, “वानरानं नेली वाटतं.”

मी “असेल” म्हणालो.

आठवड्याभरानं वहिनीचा फोन आला. तिनं आधी शेजारणीला केला होता, मला नंतर. वाडीत रेंज नसते, ती वरच्या टेकाडावर जाऊन ओरडून बोलते.

“भावजी, त्या पोरीला काय बोलू नका हां. ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणून रडत होती. बी गेलं तर गेलं. वानरांना काय कळतंय कुणाच्या आयेचं ते?”

पुढचं ऐकू आलं नाही.

त्या दिवशी बायकोनं खुंटीवर राहिलेला तो शर्ट धुवायला काढला आणि खिशातली चिंधी माझ्या टेबलावर वह्यांवर ठेवली. सकाळी मी खतखड्डा उपसला. केळीच्या साली, कुजका पेंढा, त्यात चिकटून बिया. काहींना मोड आले होते, काही पिचल्या होत्या. उरलेल्या धुतल्या, पाण्यात टाकल्या, बुडालेल्या तेवढ्या सावलीत सुकवल्या. मग भिंतीपाशी जाऊन शेजारणीला सगळं सांगितलं. ती “मावशींना तुम्हीच सांगा” एवढंच म्हणून आत गेली. त्यानंतर वाटीभर माठ आलेला नाही.

फोनवर हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. वहिनी चौथी शिकलेली आहे, हळू का होईना स्वतः वाचते. म्हणून हे पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं:

“वहिनी, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे ते फोनवर विचारीन. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. एकटी असताना वाच.

काकडी वानरानं नेली नाही. मी कापली. चिंधी बघून, समजून कापली. शेजारणीनं लक्ष ठेवायला मलाच सांगितलं होतं, तिची काही चूक नाही. तिला मी हे सांगितलं आहे.

तू मला आधी विचारलं होतंस आणि मी नको म्हणालो होतो. मग तू तिकडं गेलीस, तिच्याशी हसलीस, ते मला बघवलं नाही. मी एवढा शिकलो तो तुझ्यामुळं, आणि तुझ्याकडंच शिकायचं होतं तेव्हा तुला शास्त्र सांगत बसलो. हे मला कळतं. तरी तू तिला आधी फोन केलास हे मला अजून लागतं. खोटं कशाला लिहू?

घारगे आम्ही खाल्ले. खड्ड्यातून अठ्ठावीस बिया मिळाल्या. चौदा तिला दिल्या, चौदा राखेत घोळवून सोबत त्याच चिंधीत बांधल्या आहेत. उगवतील की नाही माहीत नाही. माझ्याकडं एकही ठेवलेली नाही.

पेंढा मी काढून टाकला आहे. जूनमध्ये येशील तेव्हा आळी कुठं करायची ते तू सांग. बी द्यायचं की नाही, तेही तूच ठरव.”