आजीचं माहेरचं नाव

देवाला मी रोज हात जोडत आले, पण आपल्या घरगुती अडचणीत तो लक्ष घालत असेल असं मला मनापासून कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी बाबांचं हृदय थकत चाललं, तेव्हा ही शंका आणखी वाढली. बाबांना मरणाची भीती नव्हती. त्यांच्या मनात एकच सल होता. ते पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. तिचं सासरचं नाव लक्ष्मी आणि लग्न पुण्यात लागलं, एवढंच ठाऊक होतं. सर्वपित्रीला गुरुजी आईच्या वडिलांचं नाव विचारायचे आणि बाबा मान खाली घालायचे. "एकदा तरी नाव घेऊन पाणी सोडावं गं," ते मला म्हणाले, "मग मी मोकळा."

म्हणून मी त्या लग्नाचा माग काढायला निघाले. विवाह नोंदणीच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो बाई, तेव्हा लोक लग्नं लावत, नोंदवत नसत. पुढचे कोण?" ज्या मंगल कार्यालयात लग्न झालं असं ऐकलं होतं, तिथे आता मोबाइलची दुकानं होती. ते लग्न पाहिलेले नातेवाईक तर उरलेच नव्हते. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काही कळलं?" आणि नंतर नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. ते मला जास्त लागलं.

एका दुपारी बुधवार पेठेतल्या लहानशा देवीच्या देवळात जाऊन बसले. आई, मला जमत नाही, आता तूच बघ, एवढंच म्हटलं आणि रडू कोसळलं. शेजारी एक तरुण मुलगी जप करत होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. "काहून रडता काकू?" तिने विचारलं. ती मूळची अमरावतीची, खराडीला नोकरी करणारी. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आंदणाची भांडी पाहिली का तुम्ही? आमच्याकडे लेकीच्या भांड्यावर बाप नाव टाकतो."

मी थक्क झाले. माझ्याच लग्नातल्या पातेल्यांवर माझ्या बाबांचं नाव आहे, आणि मला हे सुचू नये! डोळे पुसून देवीला नमस्कार केला. वळून पाहिलं तर ती निघून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

आजोबांच्या घरची जुनी भांडी कात्रजला आत्याकडे गेली होती. आत्या म्हणजे बाबांची सावत्र बहीण. मी तशीच बसने तिच्याकडे गेले. "आधी चहा, मग भांडी," तिने फर्मावलं. माझं बोलणं ऐकताना मात्र तिचा चेहरा बदलत गेला. चहा अर्धा टाकून ती उठली आणि मला गॅलरीत घेऊन गेली. तिथे तांब्याचं एक काळंकुट्ट घंगाळ होतं, कांदे-बटाट्यांनी भरलेलं. आम्ही ते रिकामं केलं आणि चिंच-मीठ लावून दोघी घासत बसलो. काठाखाली हळूहळू अक्षरं उमटली. चि. सौ. कां. यमुना हिस विवाहप्रसंगी, वडील केशव विठ्ठल, मुक्काम सासवड. सालाचे आकडे झिजून गेले होते.

"मी किती वेळा हे मोडीत घालायला निघाले होते," आत्या हलकेच म्हणाली. "आईने जिवंत असेपर्यंत घालू दिलं नाही. म्हणायची, ते थोरलीचं आहे, तिच्या मुलाला लागेल कधीतरी."

संध्याकाळी आम्ही दोघी ते घंगाळ घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "यमुना," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "यमुना." आत्याने आपल्या आईचं म्हणणं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

सर्वपित्रीला बाबा खुर्चीवर बसून होते. गुरुजींनी विचारलं आणि त्यांनी सगळी नावं खणखणीत आवाजात घेतली. मग म्हणाले, "गुरुजी, मला वाढवणाऱ्या आईच्या आईवडिलांनाही पाणी सोडायचंय. शास्त्रात बसतं का?"

"पाणी सोडायला कसली आलीय हरकत?" गुरुजी म्हणाले. "घ्या नावं."

देवळातली ती मुलगी कोण होती, याचा विचार मी करत नाही. ती खराडीची एक नोकरदार मुलगी असेल, आणि तेवढं मला पुरे आहे. मी दारोदार हिंडत होते, तेव्हा माझी सावत्र आजी कितीतरी वर्षं आधीच माझं काम करून गेली होती. ते मला दिसावं म्हणून मी हात टेकायला हवे होते, इतकंच. बाबा अजून आहेत. आत्या दर रविवारी येते आणि चहावरून दोघं भांडतात. स्वयंपाकघरातून ते ऐकताना माझे हात आपसूक जोडले जातात.