पालथा ठेवलेला फोटो

शिवाप्पा मामांना फोटो पटला नाही की ते तो काउंटरच्या काचेवर पालथा ठेवायचे आणि कानडीत एकच शब्द म्हणायचे, "सुळ्ळु." म्हणजे खोटं. नळदुर्गला हायवेलगत त्यांचा जुना स्टुडिओ. ट्रक गेला की भिंतीवरच्या फ्रेमा थरथरायच्या. त्या बहुतेक हार घालायच्या फोटोंच्या. गावातली म्हातारी माणसं जिवंतपणीच येऊन 'तो' फोटो काढून ठेवत, आणि मामा त्यांना कधीही हसायला सांगत नसत.

मी जळकोटचा, लग्नाचे फोटो काढणारा. पुण्याच्या एका संस्थेत शिकायला जायचं खूळ डोक्यात शिरलेलं. त्यासाठी बारा फोटोंचा पोर्टफोलिओ हवा होता, आणि वयाच्या अटीमुळं माझी ती शेवटचीच संधी. मी ऐटीत फोटो मांडले. मामांनी बाराच्या बारा पालथे घातले.

"अहो मामा, एक तरी बघण्यासारखा असेल की!"

"बघण्यासारखे लई हायेत. खरा एक बी न्हाय. ही म्हातारी बघ. उन्हात राबून कातडं रापलंय तिचं, आन् तू तिला नवरीसारखी गोरी केलीस. भ्यालास व्हय तिच्या तोंडाला?"

असा राग आला म्हणता! आठवडाभर तिकडं फिरकलो नाही. मग निमूट गेलो. सहा महिन्यांत नव्यानं काढलेले अकरा फोटो उताणे राहिले. तोवर मामा मात्र वाळत चालले होते. भर वैशाखात गळ्याला उपरणं गुंडाळलेलं असायचं. विचारलं तर म्हणायचे, "गार वारं लागतंय." त्या उन्हात गार वारं कुठलं, हे मला सुचलंच नाही.

एका दुपारी ते स्वतःच स्टुलावर बसले. "बारावा माझा काढ." जन्मभर स्वतःचा फोटो काढू न देणारा माणूस! त्यांनी उपरणं सोडून मांडीवर ठेवलं. कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. मी बटण दाबलं.

घरी कॉम्प्युटरवर लग्नाच्या अल्बमची सवय आड आली. डाग पुसले, सुरकुत्या पुसल्या, गाठही पुसली. खरं सांगायचं तर नुसती सवय नव्हती. ती गाठ माझ्याच्यानं बघवत नव्हती.

मामांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. "गाठ कुठं गेली?"

"मामा, चांगलं दिसत नव्हतं..."

"घरात कुणाला दावली न्हाय म्या. तुला दावली. सा महिनं बघायला शिकवलं, आन् तू पुसून टाकलीस." फोटो पालथा पडला. या खेपेला ते 'सुळ्ळु'सुद्धा म्हणाले नाहीत. उपरणं गुंडाळून आत गेले.

त्याच वेळी त्यांचा हात धरून सोलापूरला दवाखान्यात न्यायला हवं होतं. निदान मामींच्या कानावर घालायला हवं होतं. मी गाल फुगवून घरी आलो, मूळ फोटो पोर्टफोलिओत लावला आणि पुण्याला निवड झाली म्हणून पेढे वाटले. दिवाळीच्या आत मामा गेल्याचा फोन आला.

मामींनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. मी गाठीचाच घेऊन गेलो. त्यांनी बोटानं गाठ चाचपली.

"एवढी मोठी? सदा उपरणं असायचं रे, मला दिसलीच न्हाय कधी. तुला म्हाईत व्हतं व्हय?"

"व्हय मामी," मी म्हणालो. "मला दिसली होती."