पेलाभर पाणी

मावशीनं गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने आल्यापासून ते लालसर झालं आहे. प्रयोगशाळेत मी ते काचेच्या पेल्यात ओतलं, चिमूटभर पिवळी पूड टाकली आणि दिवा लावला. या पुडीच्या कणाकणाला बारीक छिद्रं असतात. रंग त्यांत अडकतो आणि उजेडानं तुटत जातो.

दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. लाली हळूहळू विरली.

"ऊन तर आमच्या विहिरीवरही पडतं," मावशी म्हणाली. "ही पूड टाकली तर?"

"विहिरीला पुरेल एवढी अजून करता येत नाही, मावशी."

हे उत्तर इतक्या जणांना दिलंय की आता जीभ जड होते. पाणी नासवायला एक पाइप पुरतो. निस्तरायला उभी हयात जाते, आणि हाती येतं ते पेलाभर.

मी पूड गाळून काढली. ते पाणी मावशीनं खिडकीपाशी धरलं.

"पिऊ नकोस हं, अजून तपासायचंय."

"पीत नाही गं, बघतेय." बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आईची बांगडी पडली होती विहिरीत. कितीतरी वर्षं वरून दिसायची."